गच्चीवरचे दोडके

कोथरूडला आईच्या बिल्डिंगमध्ये एक सत्तरीचे गृहस्थ एकटे राहतात आणि गच्चीवर भाजी पिकवतात. सकाळी आईचा डबा घेऊन गेलो की ते जिन्यात दिसतात, हातात दोडक्यांच्या पिशव्या घेऊन. प्रत्येक दारासमोर आधी खिशातला कंगवा काढून केस नीट करतात, शर्टाचं वरचं बटण लावतात आणि मगच बेल दाबतात. "औषध मारलेलं नाही हं," म्हणत पिशवी पुढे करतात. पैसे घेत नाहीत. बिल्डिंग सभ्य आहे, तोंडावर कुणी नको म्हणत नाही.

खतासाठी सगळ्यांचा ओला कचरा तेच गोळा करतात. परवा खाली बादलीत हात घालून ते आदल्या दिवशीचे दोडके बाहेर काढत होते, अख्खेच्या अख्खे. एकेक फडक्याने पुसून बाजूला ठेवत होते.

मला राहवलं नाही. "अहो, लोक टाकून देतात, मग वाटता कशाला?"

"दोडका कुणाला हवाय?" वर न बघता ते म्हणाले. "पण त्या निमित्ताने दार उघडतात हो."

मग दोडके चिरून त्यांनी खताच्या ड्रममध्ये टाकले.

आज मी आईकडे चहा घेत असताना बेल वाजली. दारात तेच होते. आईने पिशवी घेतली, "कशाला हो उगाच त्रास," म्हणाली आणि दार लावलं.

समोरच्या फ्लॅटची बेल वाजायला जरा वेळ लागला. कंगवा काढला असणार.