कपाळावरची तीट

एकोणऐंशीच्या सुमारास माझी बदली जाम या गावी झाली होती. तिथल्या फाट्यावर, ट्रक थांबायचे त्या कडुनिंबाखाली एक म्हातारा न्हावी बसायचा. आसपासच्या गावांतली माणसं जावळ काढायला त्याच्याकडेच येत, कारण त्याच्या हातात लेकरू रडत नसे. डोकं भादरून झालं की तो लेकराच्या कपाळावर काजळाची तीट लावायचा आणि आरसा समोर धरायचा. लेकरू आरशातल्या तिटीला हात लावी, नाहीतर आरशामागे दुसरं लेकरू शोधी.

"लेकरू अजून आलं नाई," तो म्हणायचा, "फिरून आणजा." बाया हसायच्या. तो हसत नसे.

स्वतःची दाढी मात्र तो रस्त्याकडे बघत, गाल चाचपत करायचा.

माझ्या मुलीला मी दुसऱ्यांदा नेलं, तेव्हा ती आरशात बघून हसली आणि हसता हसता थांबली. तिचा हात सावकाश स्वतःच्या कपाळावर गेला. मग तिनं माझ्या शर्टात तोंड लपवलं.

"आली," तो हळूच म्हणाला. "आता हिले एकटं वाटन."

मला उगाच राग आला. "काका, तुम्ही कधी आरसा पाहत नाही, ते का?"

त्यानं धोतराच्या सोग्यानं आरसा पुसला.

"मी बी तीट लावून पाहतो ना, साहेब, रोज. मले अजून त्यात दुसराच माणूस दिसते."

त्याच्या कपाळावरचा काळा ठिपका मी तोवर तीळ समजत होतो.