डबल बेल

जिंतूरला बसस्टँडामागच्या गल्लीत ऋतिकाचं घर विचारलं तर कुणीही सांगेल, फक्त सांगताना जरा हसेल. "ती गेमवाली व्हय? पत्र्याचं गेट, दारात मोगरा." लग्नाच्या वयाच्या पोरीला अशी पदवी चिकटलेली गल्लीतल्या बायांना रुचत नाही. ऋतिकाला मात्र रुचते. पदवी तिनं स्वतः कमावलीय, आणि कमावलेल्या गोष्टीची लाज धरायची तिला सवय नाही.

दिवसा ती कॉम्प्युटर क्लासला शिकवते. तिथं माऊस धरायला घाबरणाऱ्या पोरापोरींना धीर देता देता तिचा घसा बसतो. खेळ असतो तो पहाटे, कारण पहाटे नेट पळतं आणि मशीन तापत नाही. मशीन तिनं स्वतः जोडलंय. डबा एका बंद पडलेल्या सायबर कॅफेचा, ग्राफिक्स कार्ड नांदेडहून आणलेलं कुणाचं तरी वापरलेलं. मे महिन्यात घरातला एकुलता टेबलफॅन त्या डब्याकडं तोंड करून असतो आणि घरातली माणसं पुठ्ठ्यानं वारा घेतात. आई छबूबाईंनी डब्याला जुन्या साडीची काठवाली झूल शिवलीय. दसऱ्याला त्या त्याला हळदीकुंकूही वाहतात. एका वर्षी कुंकू नेमकं पेनड्राइव्हच्या खाचेत गेलं. त्या खाचेतून निघालेला पेनड्राइव्ह अजूनही लालसर होऊन येतो, आणि ऋतिका तो न पुसताच क्लासला घेऊन जाते.

घरात या सगळ्याशी ज्याचं बोलणं नव्हतं असा एकच माणूस होता, तिचे वडील रामकिशन, म्हणजे घरातले अण्णा. ते मशीनला 'डबडं' म्हणायचे. "डबडं बंद कर, जेवायला बस," एवढाच त्यांचा आणि मशीनचा संबंध.

रामकिशन एसटीत ड्रायव्हर होते. त्यांची गाडी म्हणजे चारठाणा मुक्कामी. संध्याकाळी जिंतूरहून निघायचं, चारठाण्याला गाडी लावून रात्री तिथंच झोपायचं आणि सकाळी पहिली फेरी घेऊन परत. ऋतिकाचं सारं लहानपण वडील सकाळी घरी येण्यात गेलं. पुढं साखरेनं त्यांचा डावा डोळा अधू केला. तपासणी झाली, स्टेअरिंग सुटलं आणि उरलेली नोकरी डेपोत टायरांची हवा बघण्यात सरली.

आता एसटीत एक रीत आहे. ड्रायव्हर रिटायर होतो त्या दिवशी त्याची शेवटची फेरी साजरी करतात. गाडीला झेंडूच्या माळा बांधतात, थांब्याथांब्यावर लोक हार घालतात, मुक्कामाला पोचलं की चाकापुढं नारळ फुटतो आणि ड्रायव्हर स्टेअरिंगवर डोकं टेकवतो. भले भले मिशीवाले तिथं रडतात. रामकिशनांना ऑफिसात शाल मिळाली, चहा मिळाला, चार चांगले शब्दही मिळाले. फेरी मिळाली नाही. ते याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत म्हणून घरात कुणीच बोललं नाही.

ऋतिकाला बोलण्यापेक्षा करून दाखवणं सोपं जातं. बस चालवायचा एक खेळ ती बरीच वर्षं खेळत होती. त्याची गंमत अशी की खेळणाऱ्याला आपला रस्ता स्वतः बांधून त्यात घालता येतो. लोकांनी डोंगरातले, समुद्राकाठचे, परदेशातले रस्ते बांधून ठेवले होते. जिंतूर ते चारठाणा कुणी बांधला नव्हता, आणि बांधणार तरी कोण होतं? ऋतिकानं ठरवलं, आपण बांधायचा. वर एक अटही स्वतःला घालून घेतली: अण्णांनी हा रस्ता चालवून पास केल्याशिवाय तो जगाला दाखवायचा नाही. ही अट घालताना आपले वडील ओळखायला आपण थोडं चुकलोय हे तिच्या लक्षात आलं नाही.

पुढचं वर्षभर रविवार आला की ती स्कूटीला मोबाईल बांधून त्या रस्त्यानं फिरली. पूल, वळणं, खड्डे, वडाची झाडं, हातपंप, चारठाण्यातल्या जुन्या देवळांचे कोरीव खांब, सगळं टिपलं. एका गावात तात्याराव म्हणून जाणते गृहस्थ आडवे आले. त्यांना वाटलं, रस्त्याचा सर्व्हे चाललाय.

"बाई, डांबर कधी पडायलंय?"

"काका, मी सरकारी न्हाई. मी कॉम्प्युटरमधी रस्ता बांधायलेय."

तात्यारावांनी विचार केला. "मग त्याच्यात तरी आमचा खड्डा बुजव, अन् माझ्या घराला स्लॅब टाक. तुला काय, फुकटच पडायलंय."

ऋतिकानं खड्डा ठेवला, कारण खऱ्यात तो होता. स्लॅब मात्र टाकला. एवढी लबाडी तिनं पूर्ण रस्त्यात एकदाच केली आणि तिचा तिला अजून पश्चात्ताप नाही.

रस्ता तयार झाला तशी तिनं खेळासाठी स्टेअरिंग आणलं, टेबलाला घट्ट आवळलं, खाली पायाशी पेडल ठेवले, आणि एका रविवारी सकाळी चहा झाल्यावर म्हणाली, "अण्णा, जरा बसा की हितं."

"कामून?"

"बसा तर."

रामकिशन बसले. समोर जिंतूरचा स्टँड होता. तीच फलाटावरची पिवळी पट्टी, तोच रसवंतीचा गाडा, तीच लाल गाडी आणि तिच्या कपाळावर पाटी: चारठाणा. त्यांनी खुर्ची पुढं घेतली, उजवा डोळा पडद्याला लावला. हात आपसूक स्टेअरिंगवर गेले. इंजिन सुरू झालं. छबूबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

गाडी हलली नाही.

रामकिशन बसून राहिले. इंजिन घरघरत राहिलं. ऋतिकाला वाटलं, पेडल कळत नसेल. "उजवा पाय दाबा, अण्णा."

"मला शिकवू नको."

आणखी थोडा वेळ ते तसेच बसले आणि मग उठले. "पोरी, बेल कुठाय?"

"कसली बेल?"

"डबल बेल. कंडक्टर न्हाई, बेल न्हाई, अन् गाडी कशी काढू? वाऱ्यावर?" एवढं बोलून त्यांनी चप्पल घातली आणि ते बाहेर गेले. जाताना वळून म्हणाले, "डबडं ते डबडंच."

ऋतिकाला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त राग. हातपंपाच्या दांड्याचा गंज दाखवला, तिथवर हे गेलेच नाहीत. देवळांचे खांब तसेच राहिले. दिसलं काय, तर नसलेली बेल. दोन दिवस ती वडिलांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर स्टँडवर गेली आणि चारठाण्याच्या गाडीत चढली. वर्षभर त्या रस्त्यानं ती स्कूटीवर फिरली होती, बसमध्ये एकदाही बसली नव्हती. चूक तिथंच होती.

कंडक्टर होते नागनाथ, रामकिशनांबरोबर त्याच फेरीवर पुष्कळ वर्षं काढलेले. आता त्यांचेही केस पिकले होते. ऋतिका त्यांच्या शेजारी बसून बघत राहिली. माणसं चढली की नागनाथ छताखालची दोरी दोनदा ओढत. टण टण. मगच गाडी निघायची. उतरायचं असलं की एकदाच, टण, आणि गाडी थांबायची. ड्रायव्हर मागं वळून बघत नव्हता. आयुष्यभर त्याच्या पाठीमागं काय चाललंय हे त्याला ती दोरीच सांगत होती.

"काका, अण्णांनी बेलवाचून गाडी काढलीच न्हाई कधी?"

नागनाथ हसले. "तुला बायनाबाई ठावं हाय का? निंबाखालून चढती ती म्हातारी, हिरवं लुगडं, हातात डालं. एका बाजारच्या दिवशी गाडी ठेचून भरलेली. मी पार मागं अडकलेलो. दारात कोण हाय, कोण न्हाई, काई दिसंना. पब्लिक वरडायलंय, झालं, हाना, हाना. मागून ट्रकवाला हारन द्यायलाय. दुसरा असता तर हानली असती. तुझा बाप हातावर हात ठेवून बसला. मी माणसं सारत दारापशी आलो, तर बायनाबाईचा एक पाय पायरीवर अन् एक रस्त्यावर. तिला वर घेतली अन् मग दिली बेल."

"मला घरी कधी सांगितलं न्हाई त्यांनी."

"त्याच्यात सांगायचं काय?" नागनाथांनी तिकीट फाडलं. "बेल झाली न्हवती, म्हून हलला न्हाई."

निंबाखाली कुणीतरी हात केला. नागनाथांनी एकदा दोरी ओढली, गाडी थांबली. ऋतिकानं मोबाईल वर धरला आणि तो आवाज भरून घेतला, आणि पाठोपाठ डबल बेलचाही. त्या क्षणी तिला आपल्या बापाचा इतका अभिमान वाटला की खिडकीबाहेर बघावं लागलं.

घरी येऊन तिनं रस्त्याला हातही लावला नाही, गाडी उकलली. त्या खेळात दोघांनी मिळून खेळायची सोय होती. तिनं बेल दुसऱ्या खेळाडूच्या हातात दिली आणि असं जुळवलं की डबल बेल वाजेपर्यंत गाडीचा ब्रेकच सुटू नये. हे काम रस्ता बांधण्यापेक्षा किचकट निघालं. चार वेळा गाडी बेलवाचूनच सुटली, एकदा बेल वाजवल्यावर उलटी धावली. पण जमलं. निंबाखाली तिनं हिरव्या लुगड्यातली, डालं घेतलेली एक म्हातारी उभी केली.

पुढच्या रविवारी तिनं वडिलांना बोलावलं नाही. नुसतं मशीन सुरू केलं, जुनी जॉयस्टिक हातात घेतली आणि स्टेअरिंगच्या खुर्चीमागं बाजेवर जाऊन बसली. रामकिशन पेपर वाचत होते. इंजिनाच्या आवाजानं त्यांचा पेपर खाली आला.

"आता काय हाय?"

"कंडक्टर आलाय, अण्णा. ड्रायव्हरची वाट बघायलाय."

ते उठले, येऊन बसले. आरशात बघितलं, जो पडद्यातच होता. फलाटावरची माणसं चढली. रामकिशन हातावर हात ठेवून थांबले. ऋतिकानं बटन दाबलं.

टण टण. नागनाथांच्या दोरीचा आवाज.

रामकिशनांचे खांदे एकदम सरळ झाले. गाडी फलाटातून मागं आली, वळली आणि रस्त्याला लागली. पुढं सबंध रस्ताभर त्यांनी तक्रारी केल्या. हा खड्डा आणखी डावीकडं पाहिजे. हारन पातळ वाजतोय. ह्या घराला स्लॅब कधी पडला? ऋतिका गालातल्या गालात हसत होती, कारण फालतू गोष्टीत अण्णा चुका काढत नाहीत हे तिला ठाऊक होतं. निंबाजवळ तिनं एकदा बेल दिली. गाडी थांबली. हिरव्या लुगड्यातली म्हातारी डालं सावरत पायरी चढू लागली. रामकिशन बघत राहिले. म्हातारीचे दोन्ही पाय आत आले, बेल झाली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "बायनाबाई हाय व्हय." आणि गिअर टाकला.

चारठाणं आलं. देवळाचे खांब मागं गेले, मुक्कामाच्या जागेवर गाडी लागली, इंजिन बंद झालं. मागं बांगड्या वाजल्या म्हणून दोघांनी वळून बघितलं. छबूबाई उभ्या होत्या. हातात मोगऱ्याचा गजरा आणि नारळ. इतकी वर्षं घरात कुणी न बोललेली गोष्ट त्यांनी नारळासकट आणली होती.

"अवो, त्या वक्ती राहून गेलं," त्या म्हणाल्या. "शेवटची फेरी हाय. फोडते उंबऱ्यावर."

रामकिशनांनी गजरा घेतला आणि स्टेअरिंगला बांधला. नारळ मात्र बायकोच्या हातात परत दिला.

"शेवटची कशानं? मुक्कामी गाडी हाय ही. सकाळची फेरी कोण न्यायची?" मग ऋतिकाकडं बघून, ज्या आवाजात ते डेपोत बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "कंडक्टर, सकाळी टायमावर यायचं. गाडी थांबणार न्हाई."

त्याच दिवशी ऋतिकानं रस्ता जगासमोर ठेवला. आता तो कोल्हापूरची पोरं चालवतात, भंडाऱ्याची चालवतात, आखातात ट्रक चालवणारा एक गंगाखेडचा माणूस ड्युटी संपली की चालवतो. पहिली तक्रार आली ती अशी, की बस सुरू होते पण हलत नाही, दुरुस्त करा. ऋतिकानं उत्तर लिहिलं: बिघाड नाही. मागं माणूस बसवा.

नारळ छबूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवला. पाणी आटलं की त्या बदलून दुसरा ठेवतात. फोडलेला अजून एकही नाही.