ओईच्या घरची विझलेली चूल

ओईआजीच्या घरात आता गॅस आहे. सुना त्यावरच रांधतात आणि आजी नाक मुरडत तेच खाते. पण डोंगरावर बानच्या झाडांना पांढरी फुलं आली की तिचं मन दिएन बिएन फूच्या लढाईत जाऊन बसतं. काय दिवस होते ते! डोक्यावर विमानं होती, पोटात भूक होती, तरी तेच दिवस तिला हवेसे वाटतात.

ती तेव्हा ऐन विशीत होती. बाप पांग आणि ती, दोघंच घरात. खांबांवर उभं असलेलं त्यांचं भाताचं कोठार गावात सगळ्यांत कोरडं, म्हणून आमच्या सैन्यानं मागून घेतलं. तोफेचे गोळे डोंगरातल्या भुयारात बांबूंवर रचलेले आणि ते उडवायच्या बारुदीच्या पिशव्या कोठारात. राखण करायला ख्वात नावाचा सखल मुलखातला किडकिडीत शिपाई.

"बंदूक उचलवत नाही म्हणून मोजायला बसवलाय होय रे तुला?" पांगनं पहिल्याच दिवशी टोला हाणला.

"काका, मोजलंच नाही तर उचलणारा डागणार काय?"

"जीभ बरी चालते. हात पण चालव, जेवायला ये."

तेव्हापासून तो रोज जेवायला येऊ लागला. ओई त्याच्याबरोबर भुयारात जाई. गोळ्यांवर रंगानं चौकोन काढलेले असत. जितके चौकोन जास्त, तितका गोळा जड. प्रत्येक तोफेचा वाटा वेगळा रचायचा आणि एका वाट्यात सारख्याच चौकोनांचे गोळे ठेवायचे. वजन बदललं किंवा बारूद दमट निघाली, तर गोळा अलीकडेच, आपल्याच पोरांवर पडायचा. हे सांगताना ख्वातचा चेहरा उतरे, आणि ओईला तो त्याच वेळी फार आवडे.

एकदा अवकाळी पाऊस झाला, कोठार गळलं आणि एका तोफेच्या वाट्याच्या पिशव्या ओलावल्या. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. ख्वातची इथून उचलबांगडी होणार, अशी धास्ती ओईला वाटली. तो भुयारात गेल्यावर तिनं तेच केलं जे आमच्याकडची कुठलीही बाई करील. मका, बियाणं, रेड्याचं मांस, दमट झालेलं सगळं आम्ही चुलीवरच्या माळ्यावर वाळवतो. तिनं पिशव्या तिथं मांडल्या आणि खाली मायेनं जाळ फुंकू लागली.

ख्वात जेवायला आला आणि त्यानं वर पाहिलं. त्यानं पाण्याचा हंडा उचलून चुलीत ओतला.

पांग धावत आला. आमच्याकडे चूल विझत नाही, निखारे राखेत जपतात. पाणी ओततात ते घर मोडल्यावरच.

"घर मोडलंस माझं!"

"काका, एक ठिणगी उडाली असती तर घरच राहिलं नसतं." ख्वात माळ्यावरच्या पिशव्या उतरवू लागला.

"मी वाळवत होते..." ओई रडू लागली.

"कुणासाठी?" बापानं विचारलं. तिनं ख्वातकडे पाहिलं. ख्वातचे कान लाल झाले.

पांगनं ओल्या राखेतून बोट फिरवलं. "ज्यानं विझवली त्यानंच पेटवायची. पण आज नाही, आज तू पाहुणा आहेस. लढाई संपली की घरचा होऊन ये."

तपासणीत ख्वातनं ओलावा लपवला नाही. त्याला पुढे तोफांपर्यंत गोळे वाहायला धाडलं. बापलेक खांबांवरच्या घराखाली तीन दगड मांडून शिजवू लागले. शेजारी हसले तरी घरातली चूल थंडच राहिली.

मे महिन्यात लढाई जिंकली, गाव नाचलं. ओई रोज वाटेकडे डोळे लावून बसे. भर पावसाळ्यात ख्वातचा एक सोबती आला. त्यानं सांगितलं, चढावर गोळा खांद्यावर असतानाच ख्वात मारला गेला होता. ओई ओक्साबोक्शी रडली.

नवा भात आला. पूर्वजांचा घास घरातल्याच चुलीवर शिजवावा लागतो.

"तू पेटव," पांग म्हणाला.

ओईनं चूल पेटवली. भात शिजला, वाट्या मांडल्या. पांगनं एकेका पूर्वजाचं नाव घेऊन हाक मारली. मग तो थांबला, त्यानं आणखी एक वाटी मांडली आणि म्हणाला, "आणि आमचे जावई, ख्वात. या, जेवून घ्या."