जेरुशाची मान

विद्यार्थी आपल्याला ‘तू’ म्हणतात, याचा जेरुशा घोसाळकरला सुरुवातीला फार राग यायचा. पण हिब्रूत ‘अहो-जाहो’ची सोयच नाही. विभागप्रमुखालाही ‘तू’ आणि शिपायालाही ‘तू’. शेवटी तिने तो राग गिळला आणि विषय सोडून दिला. सोडून देणं हा तिचा स्वभाव नव्हता, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

जेरुशा ठाण्याची, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंपैकी. पुण्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं, मुंबईत स्विचगिअरच्या कंपनीत नोकरी केली आणि पंच्याऐंशी साली नवरा, आई आणि लहानगी मुलगी रेउत यांच्यासकट इस्रायलमध्ये बेर्शेबाला आली. मुंबईच्या पदवीला इथे कुणी नाक मुरडलं नाही, पण कुणी उठून खुर्चीही दिली नाही. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ती आधी विद्यार्थ्यांचे रिपोर्ट तपासायची. बरीच वर्षं तेच केल्यावर, अठ्ठ्याण्णव साली, पहिल्या वर्षाचा सर्किटचा प्रयोगवर्ग तिच्या हातात आला.

तो वर्ग म्हणजे पाककृतीचा तास होता. छापील कागदावर लिहिलेलं असायचं की ही वायर इथे लावा, ते बटण दाबा, आकडा रकान्यात भरा. सैन्यातून परतलेली, रणगाडे चालवलेली बावीस-तेवीस वर्षांची पोरं मुकाट्याने आकडे भरायची आणि दाराबाहेर पडताच विसरायची. रिपोर्ट तपासून तपासून जेरुशाला ते पाठ झालं होतं. तिने कागद बंद केले. हुमसचे, म्हणजे इथल्या चण्याच्या चटणीचे, रिकामे प्लास्टिकचे डबे धुतले, आतून काळा रंग दिला, प्रत्येकात काही भाग जोडून झाकण चिकटवलं आणि बाहेर फक्त वायरींची टोकं ठेवली. आत काय आहे ते मीटर लावून ओळखायचं, एवढाच प्रयोग. आठवडाभर तिच्या घरी जेवणाला हुमसच होतं.

पण अर्धं सत्र संपलं आणि विद्यार्थ्यांच्या तक्रारी आल्या. विभागप्रमुख बेझालेल सरळ माणूस. त्याने तिला बोलावून घेतलं आणि समोर बसवून सांगितलं.

“सगळे एकच सांगतात. उत्तर बरोबर असलं तरी तू ‘नाही’ म्हणतेस. मग ते बदलतात आणि चुकतात.”

“मी एकदाही ‘नाही’ म्हटलेलं नाही,” जेरुशा म्हणाली.

“असं कसं? अख्खा वर्ग खोटं बोलतो?” बेझालेलने चष्मा काढला. “सत्राच्या शेवटी मी स्वतः येऊन बसणार. मला पटलं नाही तर पुढच्या सत्रात छापील कागद परत येतील, आणि तू पुन्हा रिपोर्टांवर.”

जेरुशाला ते फार लागलं. पुन्हा रिपोर्टांच्या गठ्ठ्यामागे बसायचं. आणि अपराध कोणता, तर न उच्चारलेला शब्द.

शुक्रवारी रात्री शब्बातच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या जेवणाला ही हकीकत तिने घरात सांगितली. आई, म्हणजे रूथबाई, नारळाच्या रसातली मासळी वाढत होत्या. रेउत सैन्यातून सुट्टीवर आलेली, गणवेशातच जेवायला बसलेली.

“तू त्या पोरांना बोलतेस तरी काय?” रूथबाईंनी विचारलं.

“काही नाही गं आई. उत्तर ऐकते. बरोबर असलं की अशी...” आणि जेरुशाने मान डावी-उजवीकडे डोलावली.

रेउतला ठसकाच लागला. पाणी पिऊन ती आईला हिब्रूत म्हणाली, “इमा, हे ‘नाही’ आहे.”

“हे ‘हो’ आहे.”

“तुझ्या ठाण्यात ‘हो’. इथे ‘नाही’. मी लहानपणापासून दोन्ही वाचते म्हणून मला चालतं. त्यांनी काय करावं?”

“मी सांगून दमले गो,” रूथबाई म्हणाल्या. “नंदीबैलासारखी मान हलवते. टीचरने पण एकदा कम्प्लेन केलेली. हिला टायमच नाय भेटला सुधरायला.”

जेरुशा हसली नाही. बारा-तेरा वर्षं आपण या देशात ‘हो’ म्हणत होतो आणि लोक ‘नाही’ ऐकत होते, हे कळल्यावर कुणाला हसू येईल? दुकानदार, शेजारीण, बँकेतली बाई, सगळे तिला एकदम आठवले. तिने जेवण पुरं केलं, ताट उचललं आणि ठरवलं की ही मान सरळ करायची.

पुढच्या तासाला ती काठी गिळल्यासारखी उभी राहिली. केरेन नावाच्या हुशार मुलीने सांगितलं, “आत दोन रेझिस्टर आहेत, एकापुढे एक.” जेरुशा मान न हलवता म्हणाली, “नाखोन.” म्हणजे बरोबर. केरेनने ते लिहिलं, डबा बाजूला सारला आणि पेन बंद करून बसली. दुसऱ्या टेबलावर तेच, तिसऱ्या टेबलावर तेच. तास लवकर संपला. सगळे खूश, तक्रार नाही. मान मात्र दुखून आली.

त्यानंतरच्या तासाला तिने केरेनला सहज विचारलं, “मागच्या डब्यात दोनच रेझिस्टर कशावरून?” केरेनला सांगता येईना. आणि शेजारच्या टेबलावरचा कोबी नावाचा मुलगा, जो सत्रभर तिच्या मानेशी भांडत आला होता, तो मात्र पहिल्या डब्यापासूनचं सगळं कारणांसकट धडाधड सांगू लागला. तिने मान डोलावली की हा पठ्ठ्या चिडायचा, पुन्हा मोजायचा, “नाही कसं? हे बघ!” म्हणून तिला टेबलाकडे ओढायचा. बाकीच्यांनी घाबरून उत्तरं बदलली होती. याने सिद्ध केली होती.

मग चूक मानेत नव्हती तर. ती मान म्हणजे काय, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, एवढीच चूक होती.

ती फळ्यापुढे गेली. “ऐका. मी जिथून आले तिथे या मानेचा अर्थ ‘हो’,” तिने मान डोलावून दाखवली. “तुमच्या देशात ‘नाही’. या प्रयोगशाळेत आजपासून तिसराच अर्थ. ‘कशावरून?’ उत्तर चूक असो की बरोबर, मी एवढंच विचारणार. घाबरून उत्तर बदलायचं नाही. दाखवायचं.”

“आणि बरोबर आहे की नाही, हे तू कधीच सांगणार नाहीस?” केरेनने विचारलं.

जेरुशाने मान डोलावली. वर्गात हशा पिकला, आणि मग मीटर हातात घेतले गेले.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात बेझालेल आला. मागच्या बाकावर बसला, हाताची घडी घालून. वर्गात बाजार भरला होता. केरेन आणि कोबी एका डब्यावरून हमरीतुमरीवर आले होते. केरेन म्हणत होती, “आत काहीच नाही, वायर तुटलीय. मीटरवर काही येत नाही.” कोबीचं म्हणणं, सुरुवातीला काटा उडी मारून परत येतो. जेरुशा दोघांकडे पाहून मान डोलावत होती. समोर वाद चालला असताना इस्रायली माणूस गप्प बसलाय, असं कधी झालंय? बेझालेलला राहवेना. तो उठून पुढे आला.

“कपॅसिटर आहे,” तो म्हणाला. “उघड आहे.”

जेरुशाने त्याच्याकडे पाहिलं. मुद्दाम नव्हे, हाडांत मुरलेली सवय ती, तिची मान डोलली.

सगळा वर्ग बेझालेलकडे वळला. “कशावरून?” केरेनने विचारलं.

“म्हणजे काय कशावरून? काटा उडी मारतो ना.”

“ते माझा हात लागूनही होईल,” कोबी म्हणाला. हा गडी आता स्वतःच्याच बाजूच्या माणसाला सोडत नव्हता.

बेझालेलने बाह्या सरसावल्या. बॅटरी मागितली, डब्याला लावली, काढली, मग मीटर जोडला. बॅटरी नसतानाही मीटरवर व्होल्टेज दिसत होतं आणि हळूहळू उतरत होतं, म्हणजे आत वीज साठवणारा कपॅसिटरच होता. केरेनने तेच पुन्हा स्वतःच्या हाताने करून पाहिलं आणि मानलं. या भानगडीत बेझालेलची मीटिंग बुडाली. कपाळावरचा घाम पुसत तो जेरुशाला म्हणाला, “बघ, मी बरोबर होतो.”

“हो. मी सुरुवातीलाच ‘हो’ म्हटलं होतं,” जेरुशा म्हणाली.

पोरं टेबलं बडवून हसली. बेझालेल हसला नाही, डब्याकडे बघत राहिला. तास संपल्यावर वायरी गुंडाळणाऱ्या जेरुशाजवळ तो थांबला.

“पुढच्या सत्रात दोन्ही तुकड्या तूच घे. याच डब्यांवर. घेशील?”

जेरुशाची मान डोलली.

“हे बघ, काम वाढेल हे मला माहीत आहे, पण...” बेझालेल कारणं द्यायला लागला आणि मध्येच थांबला. त्याने तिच्या मानेकडे नीट पाहिलं.

“हे ‘हो’ आहे,” तो म्हणाला.