पॅकिंग वजा जाता माझं वजन

"तुम्ही झोपेत श्वास घ्यायचे थांबता," डॉक्टर बोलले. "एका तासात चाळीस वेळा."

मी हसलो. म्हटलं, साहेब, चाळीस वेळा श्वास थांबला असता तर सकाळी डबा घेऊन ड्युटीला कोण गेलं असतं? शेजारी बसलेली माझी बायको रेखा हसली नाही. तिने पदर तोंडाला लावला आणि सरळ रडायलाच लागली. तेव्हा कुठे माझं हसू मावळलं.

आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. म्हणजे झोपलं की गळ्यातली हवेची वाट मिटते, श्वास अडकतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो. आपल्याला वाटतं मस्त घोरत पडलोय, पण खरी झोप लागतच नाही. माझ्या बाबतीत मानेभोवतीची चरबी ती वाट दाबत होती. वजन एकशे सोळा किलो, वय त्रेचाळीस. सोबत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतातही चरबी, आणि साखर सीमारेषेवर.

मी भिवंडीजवळ दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये सोळा वर्षं फोर्कलिफ्ट चालवतोय. माझ्या पोटाला सगळे हसायचे, त्यात मीही पुढे. "खात्यापित्या घरचा माणूस आहे," असं म्हणून पोटावर थाप मारायचो. दुपारी डोळे जड व्हायचे, त्याला मी उन्हाळा म्हणायचो. थंडीतही उन्हाळाच म्हणायचो!

मग एक दिवस तीन वाजता गाडीवर माझा डोळा लागला. किती वेळ, देव जाणे. गाडीचे पुढचे लोखंडी फोर्क मालाच्या रॅकमध्ये घुसले आणि वरचे खोके धडाधड खाली आले. माल लावणारा इम्रान त्याच जागी उभा होता. पाण्याची बाटली उचलायला तो दोन पावलं बाजूला गेला, म्हणून वाचला. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमचे सुपरवायझर पाटीलदादा दापोड्याचेच. ते बोलले, "मिलिंद, तुला कामावरनं काढत न्हाय. पन चावी दे. डॉक्टरचं कागद आन, मंग बघू. त्या पोराला काय झालं असतं तर मी त्याच्या आईला काय सांगू?"

मी चावी दिली. दुसऱ्या दिवसापासून खोक्यांवर स्टिकर लावायला बसलो. इम्रान मात्र त्यानंतर कुठल्याही फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकला की रॅकमधली गल्ली सोडून बाहेर पळायचा. चालवणारा दुसरा असला तरी पळायचा. ते बघून मला रोज लाज वाटायची. मला चावी परत हवी होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त हे हवं होतं की माझ्या हातून कधी कोणाचा जीव जाऊ नये.

डॉक्टरांनी सीपॅप नावाचं मशीन दिलं. नाकावर मास्क लावायचा, नळीतून हवेचा दाब येतो आणि गळ्याची वाट उघडी राहते. "पण वजन उतरवल्याशिवाय गाडी चालवायचं सर्टिफिकेट मागू नका," असंही बजावलं आणि बाजूच्या खोलीत दुसऱ्या डॉक्टर, फरहीन मॅडम, यांच्याकडे पाठवलं.

फरहीन मॅडम भिवंडीच्याच, जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. बारीक अंगाच्या, बोलायला फटकळ. लठ्ठपणा, झोप आणि साखर यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, यावर त्या प्राथमिक संशोधन करत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "प्राथमिक म्हणजे अजून काही सिद्ध नाही हां, मिलिंदभाऊ. मी थोड्या पेशंटची नीट माहिती गोळा करतेय. पुढे मोठा अभ्यास करण्यासारखं काही आहे का, तेवढंच बघायचंय. तुम्हाला फायदा होईलच असं मी सांगणार नाही."

डॉक्टर "मला माहीत नाही" म्हणतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. खरं सांगतो, तिथेच मला त्या बाई आवडल्या. मी सही केली.

काम सोपं होतं. रोज काय खाल्लं ते लिहायचं आणि दर सोमवारी वजन करून फोनवर कळवायचं. घरी काटा नव्हता. गोडाऊनमध्ये माल तोलायचा मोठा काटा होता, त्यावर उभा राहिलो. आकडा आला एकशे अठरा.

आता आमच्या धंद्याची रीत ऐका. खोकं तोललं की आलेल्या आकड्यातून पॅकिंग वजा करतात. पुठ्ठा, पट्टी, लाकडी पाट, सगळं काढून उरतं ते मालाचं खरं वजन. सोळा वर्षं मी हेच बघितलेलं. मग मी पण माझं पॅकिंग वजा केलं. सेफ्टी शूज, जॅकेट, पट्टा, मोबाईल, किल्ल्या, झाले तीन किलो. एकशे पंधरा कळवलं.

पुढच्या सोमवारी डबा खाऊन काट्यावर चढलो होतो, म्हणून डबाही वजा केला. तो काय माझा माल नव्हता! मग पावसात भिजलेले कपडे वजा, प्यायलेलं पाणी वजा. तीन महिन्यांत माझं पॅकिंग सहा किलोवर गेलं. मला यात काही चुकतंय असं वाटतच नव्हतं. उलट रुबाबात घरी सांगायचो. रेखा बोलायची, "मग पँट का नाही सैल होत?" मी म्हणायचो, "कापड आखडलंय."

तीन महिन्यांनी हॉस्पिटलच्या काट्यावर अनवाणी उभं केलं. एकशे पंधरा पूर्णांक पाच. माझ्या शेवटच्या आकड्यापेक्षा चार किलो जास्त. मॅडमनी काटा तपासला, परत उभं केलं, मग खुर्चीत बसवून विचारलं. मी पॅकिंगचा सगळा हिशेब सांगितला.

त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी डोळे पुसले, लाल पेन घेतलं आणि माझे बाराही आकडे एकेक करून खोडले. "सगळ्यात चांगले आकडे तुमचे होते," त्या बोलल्या. "मी माझ्या संशोधनाच्या सरांना दाखवून पण आले होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, मॅडम, राहू द्या ना ते, कोणाला कळणार?

"मला कळलंय ना," त्या बोलल्या. "आणि चूक तुमची एकट्याची नाही. काटा कुठला, कसे उभे राहता, हे मी विचारायला हवं होतं. तेही मी लिहिणार."

स्वतःची चूक स्वतःच्या हाताने कागदावर लिहिणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आम्ही एक खोकं फुटलं तरी ड्रायव्हरवर ढकलतो.

पुढच्याच आठवड्यात त्या धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षा पकडून दापोड्याला आल्या. अख्खी दुपार माझ्या स्टिकरच्या टेबलाशी बसून राहिल्या. जाताना बोलल्या, "तुमच्या वहीत चहा कुठेय? मी सात मोजले. दोन थंड्याच्या बाटल्या पण."

अहो, ते मी जागं राहायला प्यायचो! ते खाणं थोडंच होतं?

तेव्हा त्यांनी मला माझा आजार समजावला. झोप होत नाही म्हणून जागं राहायला गोड पितो, गोडाने वजन वाढतं, वजनाने गळा दबतो, म्हणून परत झोप होत नाही. "मास्क लावता का रोज?" असं विचारल्यावर मी खाली बघितलं. हत्तीची सोंड वाटते म्हणून आठवड्यातून दोनदाच लावायचो.

त्या दिवसापासून रोज लावला. पहिले दहा दिवस वैताग आला, नाकावर वळ उठले. मग एका सकाळी उठलो तर डोकं हलकं. दुपारचे तीन वाजून गेले ते मला कळलंच नाही. चहा बिनसाखरेचे तीन, थंडा बंद, जेवणानंतर गोडाऊनच्या गल्ल्यांतून पायी चार फेऱ्या. वजन दर सोमवारी हॉस्पिटलमध्ये, अनवाणी.

आठ महिन्यांनी एकशे सात. साखर खाली आली. मशीनमधली नोंद बघून डॉक्टरांनी फोर्कलिफ्टचं सर्टिफिकेट दिलं. मी मॅडमना म्हटलं, आता लिहून टाका, फायदा होतो म्हणून. त्या बोलल्या, "तुम्हाला झाला, एवढंच लिहिते. बाकीच्यांचं बाकीचे सांगतील." बाई शेवटपर्यंत वाकली नाही. अशा माणसांमुळे औषधं खरी निघतात, असं मला वाटतं.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी माणूस घोरता घोरता मध्येच गप्प होत असेल आणि दिवसा बसल्या जागी पेंगत असेल, तर त्याला हसू नका. तपासून घ्या. आणि डॉक्टरांना खरा आकडा सांगा, त्यातलं काही वजा करू नका.

पाटीलदादांनी कागद दोनदा वाचला आणि चावी माझ्या हातात ठेवली. "जा, हलू चालव," एवढंच बोलले.

पहिलाच माल इम्रानच्या गल्लीत न्यायचा होता. मी तोंडाशी गाडी उभी केली, हॉर्न दिला आणि तो बाहेर यायची वाट बघत थांबलो. तो आला नाही. रॅकला लागून उभा राहिला, माझ्याकडे बघितलं आणि हाताने बोलावू लागला.

"आने दो, मिलिंदभाई. आने दो."

माझे डोळे भरून आले. मी ब्रेक दाबून ठेवला, बाहीने डोळे नीट पुसले आणि मगच गाडी आत घेतली.