खुणेपर्यंत गोडं पाणी

कोंढ्याच्या आमच्या घरात अकरा महिने समुद्र होता, असं सांगितलं की लोक हसतात. तेव्हा मीही हसले होते. आता हसू येत नाही.

माझा दादा किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रात मदतनीस होता. चार वर्षं त्याने तिथे मासे, शिंपले आणि खारं पाणी यांच्यात काढली. मग बाबांची डावी बाजू गेली आणि एकुलता एक मुलगा म्हणून त्याला धानाच्या बांधीवर, घरच्या शेतावर परत यावं लागलं. एसटीच्या टपावरून त्याने पोत्यात गुंडाळलेली काचेची पेटी आणि समुद्राच्या पाण्याचे सहा डबे उतरवले. मांडीवर धरून आणलेल्या बरणीत एक दगड होता. त्या दगडाला चिकटलेलं समुद्रफूल होतं आणि शंखात राहणारे दोन बारके खेकडे होते. नाव फूल असलं तरी तो जीव. मुठीएवढा, मऊ, बोटांबोटांचा, सकाळी उमलणारा.

केंद्रातल्या साहेबांनी दादाला सांगून ठेवलं होतं की समुद्रापासून इतक्या लांब हे वर्षभर जगवून दाखव, रोजची नोंद ठेव, मग नागपूरच्या एका कॉलेजात मत्स्यालय होणार आहे तिथे तुझं नाव सुचवतो. म्हणजे फूल जगलं तर नागपूर, मेलं तर चिखल. आणि दादा गेला तर बाबांना उठवायला-बसवायला कोण? मी. भंडाऱ्याला मास्तरकीच्या शिक्षणासाठी भरलेला माझा अर्ज तेव्हा देव्हाऱ्यामागे खोचलेला होता. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण रोज सकाळी त्या पेटीकडे बघताना मला ते आठवायचं.

समुद्राचं पाणी म्हणजे मिठाचं पाणी, पवनीच्या बाजारातून खडे मीठ आणून टाक की, असं मी त्याला म्हटलं होतं. तो पोट धरून हसला. मग नागपूरहून आणलेल्या तीन-चार पुड्या त्याने मला दाखवल्या. मिठात ही पूड इतकी, ती तितकी, सगळं तोलून मापून. काचेची एक नळी तो पाण्यात तरंगत सोडायचा. ती जास्त वर आली की पाणी जास्त खारट झालं. पाणी आंबट होऊ नये म्हणून मायच्या पानाच्या डब्यातला चुना भिजवून त्याची निवळी थेंब थेंब सोडायचा. माय म्हणायची, घरात पान खाणारं आणखी एक माणूस वाढलं. लाइट गेली की सायकलची ट्यूब फुगवून तिची हवा नळीतून हळूहळू पाण्यात सोडत बसायचा. लग्नाच्या वयाचा माणूस हवेचे बुडबुडे मोजत बसलेला, गावाला चांगली करमणूक झाली.

एक नियम मात्र त्याने मला दहादा सांगितला होता. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. म्हणून पातळी कमी झाली की काचेवरच्या रंगाच्या खुणेपर्यंत फक्त गोडं पाणी टाकायचं. तेही पावसाळ्यात साठवलेलं, मागच्या पडवीतल्या प्लॅस्टिकच्या पिंपातलं. का, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याच्या व्याख्यानांचा मला कंटाळा यायचा.

वैशाखात शेतावर काम नव्हतं, म्हणून दादा बाबांना नागपूरच्या दवाखान्यात घेऊन गेला. समुद्र माझ्या हवाली. उन्हामुळे पेटीतलं पाणी भराभर उतरायचं. पहिले चार दिवस मी नीट केलं. पाचव्या दिवशी पिंपावर झाकण ठेवायचं विसरले. दोन दिवसांनी पाहिलं तर पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या आणि एक सरडा मरून फुगला होता. मला किळस आली, भीतीही वाटली. मी सगळं पिंप आंब्याच्या बुंध्याशी ओतून दिलं.

आता खुणेपर्यंत काय टाकायचं? आमच्या घरात सगळ्यांत चांगलं पाणी एकच होतं, ते तांब्याच्या घागरीतलं. ती आजीची घागर. माय ती चिंच आणि राखेने घासायची, संध्याकाळी भरून ठेवायची, आणि सकाळी पहिला पेला बाबांना द्यायची. आजाऱ्याला चालतं ते फुलाला का चालणार नाही? उलट मला वाटलं, मी त्याचे लाडच करते आहे. मायने आदल्या संध्याकाळीच घासून, लखलखीत करून भरलेली घागर मी त्या सकाळी पेटीत वाकवली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी खेकडे शंखातून बाहेर पडले होते. घर सोडून, उघडेनागडे, वाळूवर मेलेले. फूल मिटलं होतं. चौथ्या दिवशी ते दगडावरून सुटलं आणि पाण्यात लोंबत फिरू लागलं, आणि खोलीत एक वास भरला. तो वास मला अजून येतो. भांडी घासताना येतो, कुणाच्या तेराव्याला येतो, कधी काहीच कारण नसताना येतो.

दादा आला. बाबांना खाटेवर निजवलं आणि चप्पल न काढता पेटीपाशी गेला. काचेची नळी सोडली, वाचली, पुन्हा सोडली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पानी कोनतं टाकलं होतं?"

मी म्हणाले, "पिंपातलंच."

झाकणाचं सांगितलं तर रागावेल, एवढीच भीती होती. घागरीत काही वाईट असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"मंग माह्यंच काही चुकलं असन," तो म्हणाला.

दुसरं फूल आणायला समुद्रापर्यंत जावं लागलं असतं. बाबांना टाकून तो जाणार कुठे? त्या पावसाळ्यात तो चिखलात उतरला आणि मी भंडाऱ्याला शिकायला गेले. बाबांना उठवायला घरात दादा होता ना.

पुढे लग्न होऊन मी एकोडीला आले, शाळेत लागले. एकदा मत्स्यखात्याचा एक माणूस तलावावर आला होता. पाण्यात गोगलगायी फार झाल्यात म्हणून लोक तक्रार करत होते. तो म्हणाला, मोरचूद टाकला की सगळ्या मरतात, पण बेतानं टाका. मी मुलांना घेऊन तिथेच उभी होते. का मरतात, असं एका मुलीने विचारलं. "तांबं असते त्याच्यात," तो सहज म्हणाला. "मानसाले थोडं चालते. अशा जीवाले अजिबात सहन होत नाही. समुद्रातल्याले तर बिलकुलच नाही."

मुलांना शाळेत कसं आणलं, मला आठवत नाही.

रविवारी मी कोंढ्याला गेले, सांगायचंच ठरवून. दादाचे केस पांढरे व्हायला लागले होते. काचेची पेटी त्याच कोपऱ्यात होती, तिच्यात बियाण्याचं धान भरलेलं. काचेवर रंगाची खूण तशीच होती. धान बरोबर खुणेपर्यंत होतं, तसं त्याने मुद्दाम भरलं असेल असं नाही. पण मला ते बघवेना. मी म्हणाले, दादा, त्या फुलाबद्दल बोलायचं आहे.

तो हसला. म्हणाला, "वही काढून किती वर्षं पाहत होतो मी. मीठ जास्त झालं का, चुना जास्त झाला का. शेवटी समजलं. समुद्र घरात आनायची हावच चुकीची होती माही. तुले बी तसंच वाटते ना?"

त्याने घागरीतून पेला भरून माझ्यापुढे धरला. उन्हातून आले होते, तहान लागली होती. पाणी थंडगार होतं. मी ते सगळं प्याले, आणि हो म्हणाले.