मागच्या पानाचे मास्तर

मास्तर कुंचला शाईत बुडवायच्या आधी ओठांत धरायचे, जिभेने केसांना टोक काढायचे आणि मग बाजूला थुंकायचे. ते थुंकणं शाईसाठी असे, कुंचल्यासाठी असे, आणि समोर मी उभा असेन तर माझ्यासाठीही असे.

"कोनं आनली बे हे? हे शाई नोहे, म्हशीनं डुंबलेलं पानी हाये."

या माणसाबद्दल बोलायचं मी आयुष्यभर टाळलं. हिंगणघाटात अजूनही जुनी माणसं भेटली की कोणीतरी म्हणतंच, "मास्तरांचा हात गेला हो, नाहीतर काय माणूस होता!" आणि मी मान हलवतो. परवा नात तिची ब्रशपेनं पसरून बसली होती. ती चित्रकथा काढते. या पेनांची शाई पोटातच असते. कुठे बुडवायला नको, कुठे थुंकायला नको. एकेका पेनाने रेघ ओढत तिने विचारलं, "आजोबा, यातला खरा काळा कोणता?" मी उठून अंगणात जाऊन बसलो. ते उत्तर आता लिहितो.

आधी एक सांगून ठेवतो. मला माफी मागायची आहे म्हणून मास्तर भले होते असं समजू नका. माणूस मेला की त्याच्यावर साखर पेरायची आपल्याकडे खोड आहे. मास्तर तुसडे होते, बढाईखोर होते, तोंडाने घाण होते. ओठ कायम काळे. तुम्ही त्यांना समोरून येताना पाहिलं असतं तर तुम्हीही रस्ता ओलांडला असता.

पन्नास सालानंतरची गोष्ट. कापूस बाजारामागे एक छापखाना होता. तिथे जिनिंगच्या पावत्या आणि लग्नपत्रिका छापत, आणि दर आठवड्याला चार पानांचा अंक निघे. पहिल्या तीन पानांवर मालकांचे विचार असत. ते मालकही दुसऱ्यांदा वाचत नसावेत. मागच्या पानावर मास्तरांची चित्रकथा असे: कापसाचा एक लुच्चा दलाल आणि त्याचा बैल. दलालापेक्षा बैलाला जास्त कळायचं. जिनिंगमधले मजूर अंक हातात पडला की आधी उलटा करत.

मी तिथे कारकून होतो. प्रुफं वाचायची, चित्रं छपाईचे जस्ताचे ब्लॉक करायला नागपूरला पाठवायची आणि मास्तरांचं सामान आणायचं. हे शेवटचं काम म्हणजे शिक्षा होती.

"खारीच्या केसाचा आनजो," ते बजावत. "दुकानदार बकरीचा देईन, अन् तू गाढवावानी घेऊन येशीन."

कुंचला आणला की ते तो पाण्यात बुडवून एकदाच झटकत. टोक जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर कुंचला सरळ खिडकीबाहेर, गटारात. मी वाकून तो काढत असताना वरून आवाज येई, "तठीच ऱ्हाय. तुही जागा तेच हाये."

हंगामात गावभर कापसाची रुई उडे. एकदा तिचा तंतू कुंचल्यात अडकला आणि दलालाच्या बायकोला मिशी फुटली. मालक हादरले. मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. हिंगनघाटची बाई हाये, शोभते तिले." त्या आठवड्यात बाजारात सगळे मिशीवालीची चौकशी करत होते.

त्यांच्यात कोवळं असं काही मी पाहिलं असेल, तर ते बैलाच्या पापण्या काढताना. सगळ्यात बारीक कुंचला, श्वास रोखलेला, आणि त्या काळ्या ओठांवर एक शब्द नाही. एवढा वेळ ते कोणाला शिवी देत नाहीत हे पाहून छापायच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा आमचा गडी म्हणायचा, "बैलाचं नशीब पाहा बावा."

आता शाईचं सांगतो. ब्लॉक करायचा तर चित्राचा फोटो काढतात. त्या कॅमेऱ्याला काळं दिसतं, निळं जवळजवळ दिसत नाही. म्हणून मास्तर खुणा निळ्या पेन्सिलीने करत. त्या खोडाव्या लागत नसत. पण रेघेची शाई मात्र निखळ काजळीची लागे. नवी बाटली आली की ते अंगठ्याच्या नखावर एक थेंब घेत, उन्हात धरत आणि माझ्याकडे बघत. "पाह्यून घे. तुह्या सात पिढ्याईले नाई समजनार."

एके दिवशी माझे होऊ घातलेले सासरे मला बघायला छापखान्यात आले. मालकांनी माझी तारीफ सुरू केली. मास्तरांनी मानही वर न करता विचारलं, "याले पोरगी देऊन राह्यले? काऊन, पोरगी आंधयी हाये काय? शाईतला अन् डबक्यातला फरक समजत नाई याले."

सासरे हसले. मालक हसले. मीही हसलो.

पुढची बाटली आली तेव्हा मी अर्धी शाई ओतून दिली आणि तिच्यात कचेरीची निळी-काळी शाई भरली, गोळ्या पाण्यात विरघळवून करतात ती. मास्तरांनी नखावर थेंब घेतला. उन्हात धरला.

"हाव," ते म्हणाले. "आज आनली तुवा शाई."

मी आणि तो गडी मागच्या खोलीत जाऊन पोट धरून हसलो. एवढा मोठा पारखी, आणि त्याच्या नखाला कचेरीची शाई कळली नाही! मला वाटलं होतं, अंक निघाला की सगळ्यांदेखत सांगू आणि त्यांचं नाक कापू.

ब्लॉक आले, पहिला ठसा निघाला. जाड रेघा शाबूत होत्या. बारीक सगळ्या तुटलेल्या; त्यांतलं निळं कॅमेऱ्याला दिसलंच नव्हतं. बैलाच्या पापण्यांचे ठिपके झाले होते. अंगात कापरं भरलेल्या माणसाने काढावं तसं ते चित्र दिसत होतं.

मालकांनी चष्मा लावला. "मास्तर, हात थरथरून राह्यला काय?"

आता ब्लॉकवाल्याच्या आईबापांचा उद्धार होईल, म्हणून मी वाट पाहत होतो. मास्तर स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. त्यांच्या वडिलांना कंपवात होता. शेवटची कित्येक वर्षं मास्तरांनी त्यांना हाताने भरवलं होतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"माह्ये कागद आनजो," ते मला म्हणाले. आवाजात शिवी नव्हती.

मूळ कागद ब्लॉकांच्याच पुडक्यातून परत आले होते आणि माझ्या खणात होते. त्यांवर प्रत्येक पापणी सलग होती. ते नुसते समोर ठेवले असते तरी मास्तरांनी दोष शाईवर ढकलला असता, शाईवरून माझ्यावर आले असते, आणि माझी नोकरी गेली असती. मी म्हणालो, "नाही आले, मास्तर. नागपुरातच गहाळ झाले." दुपारी खळ शिजवायच्या चुलीत मी ते घातले.

तोपर्यंतचं सगळं मस्करी म्हणून खपवता येईल. चुलीनंतरचं येत नाही.

पुढच्या आठवड्याची चित्रं त्यांनी त्याच बाटलीतून काढली. सावकाश, मनगटाखाली उशी घेऊन. ठसा तसाच निघाला. मास्तरांनी कुंचले धुतले, फडक्यात गुंडाळले आणि निघून गेले. मी दारात उभा होतो. माझ्यावर थुंकलेसुद्धा नाहीत. मालकांनी मागच्या पानावरही आपले विचार छापायला घेतले आणि अंक लवकरच बुडाला, हे एक बरं झालं.

काही वर्षांनी एका प्रवासात माझी एसटी हिंगणघाटजवळच्या जाम गावी थांबली. रस्त्याकडेला मास्तरांच्या जावयाची पानटपरी होती. मास्तर बाकड्यावर बसले होते, उजवा हात डाव्या काखेत दाबून. ओठ आता काळे नव्हते. मला त्यांनी लगेच ओळखलं, शेजारी बसवलं, चहा मागवला.

"हात कसा आहे?" मी विचारलं.

"बापाचा गेला तसाच गेला," ते म्हणाले. "बुढा झालो बावा. गंमत पाह्य, कागदावर मले रेघ सरयच दिसली होती. म्हंजे डोयेबी त्याच्या संगंच गेले."

चहा आला. त्यांनी काखेतला हात काढला, भरलेली बशी उचलली आणि ओठांपर्यंत नेली. एक थेंब सांडला नाही. त्यांचं लक्षही नव्हतं. मी बघत होतो.

"मास्तर," मी म्हणालो, "ती शाई..."

"शाई चांगली होती बे," त्यांनी मला तोडलं. "शाईले नावं नको ठेवू. म्या सोता पाह्यली होती." मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "तुले लय बोललो मी. पन तो ठसा निघाला त्या दिवशी तू हासला नाई. दुसरा कोनी असता तर हासला असता."

कंडक्टरने घंटी मारली. "येजो कधी," मास्तर म्हणाले. मी "हो" म्हणालो आणि एसटीत चढलो.

जाम मागे पडल्यावर मी ते वाक्य पूर्ण केलं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत, मोठ्याने. शेजारच्या बाईने आपलं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं आणि खिडकीकडे सरकली.